दारापासून दारापर्यंत

शहरातली वाहतूक आणि सुरक्षितता या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी पुस्तक देत नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि पेन्सिल देते, आणि घराच्या दारापासून जवळच्या स्टेशनच्या पायरीपर्यंत चालत जायला सांगते. वाटेत फूटपाथ किती वेळा सोडावा लागला, किती वेळा पुन्हा चढावा लागला, चढताना पायरी किती उंच होती, रस्ता ओलांडताना कुठे जीव मुठीत धरावा लागला, एवढं लिहून आणायचं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तुकडीबरोबर मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका स्टेशनाबाहेर उभी होते. सकाळचे साडेआठ वाजले होते. आमच्या पुढे एक आजी चालल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेली मेथीची जुडी. शेजारी फूटपाथ होता, अगदीच चालण्यासारखा नव्हता असंही नाही. आजी मात्र खाली रस्त्यावरून, उभ्या रिक्षांच्या रांगेला खेटून चालत होत्या. आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, “आजी, वरून का नाही चालत? रिक्षाचा धक्का लागेल ना!” आजी थांबल्या. म्हणाल्या, “बाळा, वर चढायचं, सोसायटीचं गेट आलं की उतरायचं, परत चढायचं, परत उतरायचं. भाजी आणेपर्यंत गुडघे संपतात माझे. रस्ता निदान सपाट तरी आहे.”

मुलांनी मग तेवढाच पट्टा मोजला. साधारण चारशे मीटरमध्ये अकरा वेळा उतरावं लागत होतं आणि अकरा वेळा चढावं लागत होतं. एका दुकानापुढची पायरी मोजपट्टीवर एकतीस सेंटिमीटर भरली. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नसावी आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. हे आकडे मुलांनी आधी वाचलेले होते. ते कशासाठी आहेत, हे त्यांना त्या सकाळी कळलं.

या आजींचा प्रवास कोणाच्या हिशेबात बसतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. महापालिकेच्या रस्ते खात्याच्या कागदावर तिथे फूटपाथ आहे, म्हणजे काम झालेलं आहे. वाहतूक पोलिसांच्या दृष्टीने आजी गाड्यांच्या रस्त्यावरून चालणाऱ्या पादचारी आहेत. त्या लोकलने कुठे निघाल्या तर रेल्वेचा आणि त्यांचा संबंध तिकीट काढल्यावर सुरू होतो. घर ते थांबा, थांबा ते स्टेशन, स्टेशनातला पूल, फलाट आणि डबा यांच्यातली फट, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा एक रस्ता, हे सगळं मिळून आजींचा एकच प्रवास होतो. आपण मात्र तो पाच-सहा खात्यांत वाटून टाकला आहे, आणि खात्याखात्यांच्या मधल्या जागेत माणसं पडतात, चिरडली जातात, धडकतात.

अभ्यासाचंही तसंच झालं. वाहतुकीचा विचार करणारे गाड्या मोजत राहिले: तासाला किती गाड्या, कुठे कोंडी, कुठे उड्डाणपूल. सुरक्षिततेचा विचार पोलीस, न्यायालयं आणि हॉस्पिटलांकडे गेला. ग्रंथालयातही ही पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत असतात. ही दोन कपाटं एका खोलीत आणणं म्हणजे ही अभ्यासशाखा, असं मी मानते, आणि ही प्रस्तावना त्याच अर्थाने लिहिते आहे. माझ्यासमोर उदाहरण मुंबईचं आहे, कारण हे शहर मी पायांनी ओळखते, आणि चालण्याचा व सार्वजनिक वाहनांचा इतका आधार घेणारी महानगरं जगात थोडी आहेत. इथल्या जवळजवळ निम्म्या फेऱ्या निव्वळ पायी होतात. उरलेल्यांपैकी लोकलने आणि बसने होणारी प्रत्येक फेरीसुद्धा पायांनीच सुरू होते आणि पायांनीच संपते.

आकड्यांकडे वळण्याआधी थोडं भाषेबद्दल बोलायला हवं. मराठी वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘वृद्ध ट्रकखाली आला’, ‘तरुण लोकलमधून पडला’, ‘महिला बसखाली सापडली’. वाक्याचा कर्ता प्रत्येक वेळी मेलेला माणूस आहे. जणू येण्याचं, पडण्याचं, सापडण्याचं काम त्यानेच केलं. ट्रक किती वेगात होता, लोकलच्या दारात किती माणसं होती, बसथांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता, यांतलं काहीही त्या क्रियापदात मावत नाही. रस्त्यावर वावरणारी माणसं स्वतः मात्र अशी बोलत नाहीत. ती म्हणतात, “गाडी अंगावर आली.” या तीन शब्दांत गाडी कर्ता झाली आणि दृश्य बदललं. पंचनाम्यापासून संशोधन-निबंधापर्यंत आपण कुठलं वाक्य वापरतो याने पुढचा सगळा तपास ठरतो. म्हणून नव्या अभ्यासकाने नोंदवह्या वाचताना आधी क्रियापदं वाचावीत, असं मी आग्रहाने सांगते.

आता आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांपैकी ३२,८२५ जण पादचारी होते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जातात. त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूंचा आणि त्यानंतरचा गाडीतून पडून झालेल्यांचा. इतकी माणसं एखाद्या विमान अपघातात गेली असती तर देश थांबला असता. इथे ती रोज पाच-सहा अशी जातात, आणि एवढ्या मोठ्या शहरात पाच-सहा माणसं बातमीच्या खालच्या कोपऱ्यात बसतात.

या शहराचा वाहनांशी संबंध आजचा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली आणि १९६४ च्या ३१ मार्चला बंद पडली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली लोकल आली. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं, म्हणजे रेल्वे आल्यानंतर अवघ्या दहा वर्षांचं. आपल्या भाषेत शहर टिपून ठेवण्याची परंपरा रेल्वेइतकीच जुनी आहे, हे ठाऊक असलं म्हणजे पुरे. इतिहासात मी इथे जास्त रमत नाही, कारण मला तुम्हाला एका जिन्यावर न्यायचं आहे.

परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी, या दोन स्टेशनांना जोडणारा एक अरुंद पादचारी पूल होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला. लोक जिन्याच्या तोंडाशी आडोशाला थांबले, मागून एकामागोमाग गाड्यांतून माणसं उतरत राहिली, आणि त्या गर्दीत २३ जण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस चर्चा चालली ती अफवेची: कोणीतरी ‘फूल पडलं’ म्हणालं आणि लोकांना ‘पूल पडला’ असं ऐकू आलं. असं कोणी ओरडलंही असेल. पण गर्दीचा अभ्यास करणाऱ्याने तिथे अडकू नये. जॉन फ्रुइन या अभियंत्याने १९७१ मध्ये पादचाऱ्यांच्या नियोजनावर पुस्तक लिहिलं. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं आली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, हे त्याने पुढे मांडलं. माणसाचा स्वतःच्या पायांवरचा ताबा जातो, आणि एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. चेंगराचेंगरीत माणसं बहुधा उभ्याउभ्याच गुदमरून जातात. अशा गर्दीत कोणी घाबरलं की नाही, याला फारसा अर्थ उरत नाही. ‘लोक घाबरले म्हणून मेले’ हे विधान जवळजवळ नेहमी उलटं असतं.

मग इतकी माणसं त्या जिन्यावर आली कुठून? याचं उत्तर रेल्वेच्या कागदांत सापडणार नाही, ते शहराच्या बांधकाम-नियमावलीत आहे. परळ, लोअर परळ हा गिरण्यांचा भाग. गिरणी कामगार बहुतांशी जवळच्या चाळींत राहायचा आणि भोंगा झाला की चालत पाळीवर जायचा. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनींबद्दल होता. त्यात २००१ मध्ये बदल झाला आणि त्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे, मॉल आणि स्टुडिओ उभे राहिले. आता कामावर येणारा माणूस जवळ राहत नाही. तो डोंबिवलीहून येतो, विरारहून येतो, पनवेलहून येतो, आणि साडेनऊ ते साडेदहा या एका तासात येतो. जमिनीचा उपयोग बदलला, माणसांचा ओघ उलटा झाला आणि कित्येक पटींनी वाढला, जिना मात्र होता तेवढाच राहिला. कुठल्याही बांधकाम परवानगीच्या कागदावर ‘या इमारतीत येणारी माणसं स्टेशनातून कशी बाहेर पडतील’ हा रकाना नव्हता. दुर्घटनेनंतर लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल बांधून दिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. इतक्या वेळात पूल होऊ शकतो, हेही त्यातून दिसलं. या एका जिन्यात नगररचना, जमिनीचं अर्थकारण, कामगारांचा इतिहास, गर्दीचं पदार्थविज्ञान आणि रेल्वेचं प्रशासन असे पाच विषय एकत्र येतात. यांपैकी ज्या दाराने तुम्ही आला असाल त्याच दाराने आत या, बाकीची चार दारं आतून उघडता येतील.

माणूस धोका कसा जोखतो, हाही या शाखेतला मोठा विषय. रूळ ओलांडणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणतो. पण रोज तिथून जाणारा माणूस बेफिकीर नसतो, तो हिशेब करत असतो, आणि त्याचे डोळे त्या हिशेबात त्याला फसवतात. हर्शल लिबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवून दिलं की मोठी वस्तू आहे त्याहून हळू चालल्यासारखी वाटते. रेल्वेगाडी मोठी असते, सरळ समोरून येते, आणि ‘अजून लांब आहे’ असं मनापासून वाटतं. २००९-१० च्या सुमारास वडाळ्याजवळच्या रुळांवर यावर एक प्रयोग झाला. काही अंतरापर्यंतचे स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले. गाडी जवळ आली की पिवळे पट्टे एकेक करून तिच्याखाली झाकले जात आणि तिचा वेग डोळ्यांना कळे. एका लांब शिट्टीऐवजी मोटरमनने दोन तुटक शिट्ट्या द्यायच्या, म्हणजे दोन शिट्ट्यांमधल्या शांततेत कान टवकारले जातात. आणि रुळांच्या तोंडाशी एका माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचं मोठं चित्र लावलं. ना दंड, ना भिंत, ना व्याख्यान, तरी त्या जागी मृत्यू घटल्याची नोंद झाली. मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात रूळ ओलांडणाऱ्याला मूर्ख ठरवलेलं नाही. तरी त्याची मर्यादाही सांगायला हवी. वडाळ्याला माणसं रूळ का ओलांडतात? वस्ती एका बाजूला आहे आणि शाळा, बाजार, काम दुसऱ्या बाजूला. पूल आहे तो लांब, आणि चढायला उंच. रंगाने डोळे सुधारतात, अंतर कमी होत नाही.

वेगाबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने आलेली गाडी आणि ६० ने आलेली गाडी यांच्यात पादचाऱ्याच्या हाडांना हा चौपटीचा फरक सोसावा लागतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारलं ते याच पायावर: माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये असे रस्ते बांधायचे. अमेरिकेतला डॉक्टर विल्यम हॅडन याने त्याच्या कितीतरी आधी अपघाताकडे साथीच्या रोगासारखं पाहायला शिकवलं होतं. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन यांनी हा विचार भारतीय रस्त्यांवर आणला. इथे एकाच पट्ट्यात ट्रक, स्कूटर, सायकल, हातगाडी आणि चालणारा माणूस असतात, आणि परदेशी सूत्रं जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. २०२१ मध्ये ते कोविडने गेले. ज्यांना ते वर्गात भेटले नाहीत त्यांनी त्यांचे लेख जरूर मिळवून वाचावेत. सूत्र सांगता सांगता ते शेवटी एखाद्या सायकलस्वाराजवळ येऊन थांबतात.

मुंबईचा दिवसाचा रस्ता गर्दीने आपोआप हळू असतो. रात्री तोच पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा होतो आणि वेग वाढतो. म्हणून कोंडी फोडण्याची प्रत्येक योजना आली की पहिला प्रश्न विचारावा: इथे वेग किती होईल, आणि तेव्हा इथून चालत कोण जात असेल? किनारी रस्त्यावर आणि अटल सेतूवर दुचाकी आणि पादचाऱ्यांना मनाई आहे. पण त्या रस्त्यांवर जमवलेला वेग पुढे शहराच्या साध्या रस्त्यात उतरतो, आणि तिथे दुचाकीही असते, पादचारीही असतो.

आता बस. या सगळ्या विषयात माझा जीव बसमध्ये अडकलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी मी आईबरोबर बेस्टच्या मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरायचे. दोरी एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की निघणार. या डबल बेलवर माझा अजून विश्वास आहे, कारण ती द्यायच्या आधी कंडक्टर मागे वळून पाहायचा. कोणाचा पाय पायरीवर आहे का, कोणा बाईच्या पदराचं टोक दारात आहे का, एखादं पोर खाली राहिलं का. त्या एका नजरेला कुठल्या आराखड्यात नाव नाही. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांबद्दल लिहिताना रस्त्यावरच्या डोळ्यांचं महत्त्व सांगितलं: दुकानदार, खिडकीतली बाई, नाक्यावरचा वडीलधारा माणूस यांच्या नजरेने रस्ता सुरक्षित होतो. मुंबईच्या बसमध्ये असे डोळे पगारावर होते. रात्री साडेदहाला एकटी मुलगी चढली की कंडक्टर तिला पुढच्या सीटवर बसायला सांगायचा, आणि थांबा आला की ती नीट उतरली का हे पाहून मग बेल द्यायचा.

२०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आता भाडेतत्त्वावरच्या धरूनही त्या तीन हजारांच्या आत आल्या आहेत, आणि स्वतःच्या मालकीच्या तर काही शेच उरल्या. किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलं होतं, मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झालं. हे आकडे सहसा तोट्याच्या चर्चेत येतात. मी ते सुरक्षिततेच्या चर्चेत आणते आहे. एखाद्या मार्गावर दर दहा मिनिटांनी येणारी बस चाळीस मिनिटांनी येऊ लागली की तिथला प्रवासी नाहीसा होत नाही. कोणी शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या अंगाने बसतो, कोणी हप्त्यावर स्कूटर घेतो, कोणी अंधाऱ्या रस्त्याने वीस मिनिटं चालतो. पुढे त्यांपैकी एखाद्याला अपघात झाला की नोंद होते दुचाकीची किंवा पादचाऱ्याची. रद्द झालेल्या बसफेरीची नोंद अपघाताच्या वहीत होत नाही. बस हे रस्त्यावरच्या सर्वांत सुरक्षित वाहनांपैकी एक आहे, त्यामुळे बसची फेरी कमी करणं हा रस्ता अधिक धोकादायक करण्याचा निर्णय असतो. या शाखेकडून मला काही एक हवं असेल तर ते हेच: ही न दिसणारी नोंद दिसेल अशी करण्याची पद्धत.

बसमुळेही माणसं मरतात, हे मला ठाऊक आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर एक इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, सात जण गेले आणि पुढे हा आकडा वाढला. चालकाचं प्रशिक्षण किती झालं, नव्या तऱ्हेची गाडी हाताळायला पुरेसा सराव मिळाला का, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. त्यांच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवावा: स्टेशनजवळच्या त्या रस्त्यावर रात्री साडेनऊला शेकडो माणसं गाड्यांच्या बरोबरीने चालत असतात, ती कुठे चालावीत असं आपण ठरवलं होतं?

बायकांच्या प्रवासाबद्दल इथे वेगळं प्रकरण लिहायची प्रथा आहे. मला ती पटत नाही, कारण बाईचा प्रवास हा अपवाद नाही. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली. लाखो मराठी बायकांच्या नोकऱ्या त्या गाडीच्या आणि लेडीज डब्याच्या भरवशावर टिकल्या. भाजी तिथेच निवडली गेली, हळदीकुंकू तिथेच झालं. पण शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईवरच्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात एक अवघड गोष्ट मांडली. शहरात बाईला वावरता येतं ते काही काम असेल तर: ऑफिस, शाळा, बाजार. कामाशिवाय नुसतं नाक्यावर उभं राहणं तिला परवडत नाही. तिला कोंडून सुरक्षित ठेवण्यापेक्षा शहरात रेंगाळण्याचा, धोका पत्करण्याचा हक्क तिला मिळावा, असं त्या म्हणतात. रस्त्याचा आराखडा करणाऱ्याने हे पुस्तक वाचलं की दिव्याचा खांब कुठे असावा, थांब्याला मागून भिंत असावी की जाळी, सब-वेला दोनच तोंडं का नसावीत, हे प्रश्न त्याला निराळे दिसू लागतील.

शेवटी पुन्हा फूटपाथ. फूटपाथ कोणाचा, हे भांडण मुंबईनेच सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात फूटपाथवर राहणाऱ्यांच्या बाजूने न्यायालयाने मानलं की उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच आहे. झोपड्या हटवायला मात्र त्याच निकालाने पावसाळ्यानंतर मोकळीक दिली. चाळीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने त्याच कलमाखाली सांगितलं की अडथळा नसलेला फूटपाथ हा पादचाऱ्याचा हक्क आहे. दोन्ही हक्क एकाच दगडी पट्टीवर उभे आहेत. काही वर्षं मी फेरीवाल्यांना अडथळा समजत होते. मग एका संध्याकाळी पाहिलं की स्टेशनाकडे जाणाऱ्या ज्या गल्लीतून फेरीवाले उठवले होते त्या गल्लीत दिवाही नव्हता आणि माणूसही नव्हता, आणि बायका लांबच्या रस्त्याने वळसा घालून जात होत्या. त्या गल्लीतला उजेड केळेवालीच्या गाड्यावरच्या बल्बचा होता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दोन्ही हक्क शेजारी बसवण्याची वाट आखून दिली आहे: नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, ठरलेल्या जागा. १.८ मीटर चालायला सोडून उरलेल्या रुंदीत कोण बसेल, हे मोजपट्टीने आणि बोलण्याने सुटणारं काम आहे. ते अजून नीट झालेलं नाही, आणि ते करणारी माणसं आपल्याला हवी आहेत.

तुम्ही अभियंते असाल, वकील असाल, डेपोत टाइमकीपर असाल, मराठीची शिक्षिका असाल, या विषयात तुम्हाला जागा आहे. सगळ्यात चांगले प्रश्न मला आजवर ज्यांनी विचारले त्यांत एक निवृत्त मोटरमन होते. त्यांनी विचारलं होतं की गाडीखाली माणूस आल्यानंतर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येणाऱ्या माणसाचं काय होतं, हे तुमच्या कुठल्या तक्त्यात आहे? कुठल्याच नव्हतं. त्यावर आता एक मुलगी काम करते आहे.

पुढच्या तुकडीची पहिली मोजणी पावसाळ्यात ठेवली आहे, कारण फूटपाथचे खड्डे आणि पाण्याचे डोह तेव्हाच खरे दिसतात. सकाळी सात वाजता स्टेशनच्या पश्चिमेला, तिकीट खिडकीपाशी भेटू. मोजपट्टी मी आणेन. वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला, चपलेऐवजी पट्ट्याची सँडल घाला, आणि येताना तुमच्या घरापासूनच मोजत या.